कापराची काजळी आणि आपली प्रयोगशाळा





गेल्या डिसेंबरात झालेले आपल्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केले, बक्षिसे वाटली गेली, पोहे-जिलबी झाली आणि सगळे यथासांग पार पडले. तरीही त्या दिवसाची एक गोष्ट आमच्या मनात सलत राहिली आहे. ती आज आपल्यापुढे ठेवतो. चूक आमची आहे, म्हणून सांगण्याची जबाबदारीही आमचीच.

प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले ते ‘नॅनो तंत्रज्ञान : भविष्याचा चमत्कार’ ह्या मॉडेलला. षटकोनी जाळीची लांब नळी, आत निळे दिवे, खाली फिरणारा पाट. दिसायला देखणे होते ह्यात शंका नाही. परीक्षकांत आम्हीही होतो. आम्ही त्या मुलाला विचारले, “ही कार्बनची नळी बनवतात कशी?” तो गोंधळला, वडिलांकडे पाहू लागला. वडिलांनी मोकळेपणाने सांगितले की मॉडेल बाजारातून तयार आणले आहे, दुकानदाराने एवढेच लिहून दिले आहे. आम्ही हसलो, आणि गुण दिले.

तीन टेबले सोडून आठवीतली एक मुलगी बसली होती. तिच्यापुढे स्टीलच्या चार वाट्या उपड्या ठेवल्या होत्या. एकीवर तुपाच्या निरांजनाची काजळी धरलेली, दुसरीवर तेलाच्या दिव्याची, तिसरीवर मेणबत्तीची, चौथीवर कापराची. कुठली काजळी जास्त, कुठली बोटाला चिकटते, कुठल्या काजळीवर पाण्याचा थेंब गोळी होऊन घरंगळतो, हे तिने वहीत लिहिले होते. तिने आम्हाला विचारले, “सर, त्या मॉडेलमधली नळी कार्बनची आहे ना? मग कापराच्या काजळीतपण ती असेल का?”

आम्ही म्हणालो, “बाळ, हे कोर्समध्ये नाही.” आणि पुढे गेलो.

खरे कारण कोर्सचे नव्हते. आम्हाला उत्तर येत नव्हते. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून, ह्याच उज्जैनमध्ये झाले. ‘कार्बन के अपररूप’ ह्या धड्यात आम्ही हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन नावे पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि पुढे तीच दोन नावे वर्षानुवर्षे शिकवली. मराठीत त्याला ‘अपरूप’ म्हणतात. ह्या वयात त्या अपरूपाचे अप्रूप वाटायला एका आठवीतल्या मुलीचा प्रश्न लागला. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही शब्दकोश जवळ घेऊन वाचायला बसलो. जे समजले ते आधी सांगतो, कारण आमचे मत त्यावरच उभे आहे.

कार्बनची नॅनोनलिका म्हणजे ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा गुंडाळून केलेली नळी. एका भिंतीच्या नळीची जाडी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस अंदाजे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. ही नळी शेवईएवढी, म्हणजे एक मिलिमीटर मानली, तर केस ८० मीटर जाड होईल. अशी वस्तू हाताने गुंडाळता येत नाही. ती आपली आपण बनावी अशी परिस्थिती तेवढी माणूस निर्माण करतो. बनवण्याच्या मुख्य रीती तीन आहेत.

पहिली विजेच्या ठिणगीची. ग्रॅफाइटच्या दोन कांड्या हेलियम वायूत समोरासमोर, किंचित अंतर राखून धरायच्या आणि त्यांतून मोठा विद्युतप्रवाह सोडायचा. वेल्डिंगच्या दुकानात डोळे दिपवणारी ठिणगी दिसते, तसाच हा प्रकार. तीन हजार अंशांच्या वर तापमान जाते, एका कांडीचा कार्बन वाफ होऊन उडतो आणि दुसऱ्या कांडीवर बसतो. जपानमध्ये सुमिओ इजिमा ह्यांनी १९९१ मध्ये ह्याच थरात ह्या नळ्या पाहिल्या. रशियन संशोधकांनी १९५२ मध्येच अशा पोकळ धाग्यांची चित्रे छापली होती, पण जगाचे लक्ष वेधले गेले ते इजिमांच्या शोधानंतर. त्या काळी कार्बनवर काम करणाऱ्या बहुतेकांची नजर भांड्याच्या भिंतीवर जमणाऱ्या काजळीवर होती. इजिमांनी कांडीच्या टोकावरचा कडक थर सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. पुढच्याच वर्षी इजिमांच्याच संस्थेतल्या थॉमस एबेसन आणि पुलिकल अजयन ह्यांनी हेलियमचा दाब बदलून ह्या नळ्या ग्रॅमच्या मापाने बनवून दाखवल्या. अजयन मूळचे केरळचे, आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण काशी हिंदू विश्वविद्यालयातले.

दुसरी रीत लेसरची. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटमध्ये थोडे कोबाल्ट आणि निकेल मिसळून, बाराशे अंशांच्या भट्टीत, त्यावर लेसरचा मारा केला. नळ्या उत्तम निघाल्या, पण खर्च फार.

तिसरी रीत सगळ्यांत साधी, आणि कारखान्यांनी उचलली ती हीच. भट्टीत एक नळकांडे. त्यात लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलचे अतिसूक्ष्म कण. तापमान सहाशे ते हजार अंश. आतून कार्बनयुक्त वायू किंवा वाफ सोडायची, आणि हवा काढून नायट्रोजन किंवा आरगॉन भरायचा, कारण ऑक्सिजन असला की कार्बन जळून जातो. उष्णतेने वाफेचे तुकडे होतात. सुटलेला कार्बन धातूच्या कणात विरघळत जातो. कण संपृक्त झाला की, पाकातून साखरेचे कण बाहेर यावेत तसा, जादा कार्बन बाहेर पडू लागतो आणि बाहेर पडताना नळीच्या आकाराने वाढतो. कण जेवढा बारीक, तेवढी नळी बारीक, जशी सोऱ्यातल्या ताटलीच्या भोकाप्रमाणे शेव. शेवटी आम्लात धुऊन धातूचे कण बाजूला काढायचे. मोठ्या कारखान्यांत हेच कण खालून येणाऱ्या वायूच्या जोराने सतत उसळते ठेवतात, म्हणजे सगळीकडून वाढ सारखी होते.

आता कापराकडे येऊ. ह्या तिसऱ्या रीतीत कार्बन पुरवायला जगभर मिथेन, ॲसिटिलीन, बेंझीन असे पदार्थ वापरतात, आणि ते बहुतेक खनिज तेल, नैसर्गिक वायू किंवा कोळशातून येतात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन ह्यांनी १९९० च्या दशकात वेगळा विचार केला. देवघरातला कापूर इतकी काजळी देतो, तर कार्बनसाठी तोच का घेऊ नये? कापराच्या एका रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो. तो झाडापासून मिळतो. पूजेचा कापूर आज बहुतेक पाइनच्या टर्पेंटाइनपासून बनवतात, पण तेही झाडच. तो स्वस्त आहे, आणि थोड्या उष्णतेने घनाची सरळ वाफ होते. ती होते म्हणून तर आपल्या आज्या कापराच्या डबीत मिरे टाकून ठेवत. शेरॉन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापरापासून कार्बनचे नाना प्रकार बनवले. त्यांच्याच परंपरेतले मुकुल कुमार पुढे जपानच्या मेइजो विद्यापीठात गेले. तिथे योशिनोरी आंदो ह्यांच्याबरोबर त्यांनी कापूर आणि फेरोसीन नावाचे लोहयुक्त संयुग एकत्र तापवून, त्यांची वाफ आरगॉनमध्ये सुमारे नऊशे अंशांच्या भट्टीतून नेली, आणि नॅनोनलिकांची दाट, उभी वाढ मिळवली. हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. कापरातला ऑक्सिजनचा एक अणूही वाया जात नाही. नळी न बनता तसाच पसरलेला वेडावाकडा कार्बन जाळून टाकायला तो मदत करतो, असे त्यांचे म्हणणे.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे : बाळ, तुझा प्रश्न बरोबर दिशेचा होता. कापरापासून ती नळी बनते. पण तुझ्या वाटीवरच्या काजळीत ती शोधून सापडणे कठीण. ज्योतीत हवा आहे, तापमान दर क्षणाला बदलते, आणि कार्बनला धरून वाढवणारे धातूचे कण नाहीत. म्हणून तिथे बनतात ते बहुतेक सूक्ष्म गोळे. ज्योतीतही क्वचित नळ्या सापडल्याचे संशोधक सांगतात, पण सापडणे वेगळे आणि बनवणे वेगळे. हे उत्तर आम्ही तिला वर्गात जाऊन, सर्वांसमोर दिले. त्या दिवशी टाळले होते हेही सांगितले.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. प्रार्थनेच्या वेळी कुणीतरी सांगितले की आपल्या पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान येतच होते. ह्या बोलण्याला आधार काय? २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पीटर पॉफ्लर आणि सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवून पाहिला, तेव्हा त्यात कार्बनच्या नॅनोनलिका दिसल्याचे त्यांनी लिहिले. अशा तलवारींचे पोलाद हिंदुस्थानातून जात असे. २०२० मध्ये तमिळनाडूतल्या कीळडी येथील प्राचीन खापरांच्या काळ्या लेपातही अशा नळ्या आढळल्याचे प्रसिद्ध झाले. ह्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान कशाचा? लोहाराच्या आणि कुंभाराच्या हाताचा. तापमान, लाकूड, पाने, ठोके, थंड करण्याची वेळ, हे सगळे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निरखून साधले. आत नळी आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत असण्याचा मार्गही नव्हता. दुःखाची बाब ही की ती विद्या हातातच राहिली, नीट लिहिली गेली नाही, आणि करणारे हात थांबले तशी विद्याही लोपली. पूर्वजांचे नाव घेणारा समाज जर मुलांच्या हातातून काम काढून घेत असेल, तर तो पूर्वजांचा वारसा चालवत नाही, फक्त सांगतो.

आता मुद्द्याचे. आपल्या शाळेची रसायनाची प्रयोगशाळा आपण सर्वांनी पाहिली आहे. गॅसची जोडणी तीन वर्षांपासून बंद आहे. ब्युरेट निम्म्या फुटल्या आहेत. अकरावी-बारावीची मुले प्रयोगवही एकमेकांची पाहून उतरवतात, आणि आम्ही त्यावर सही करतो. ही खोली रिकामी करून तिथे दुसरा स्मार्ट क्लास करावा असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्यावर पहिली सही आमची आहे. आज ह्या पानावरून आम्ही ती मागे घेत आहोत.

विश्वस्त मंडळींची अडचण आम्ही जाणतो. मराठी घरांतली मुले इंग्रजी शाळांकडे जात आहेत, प्रवेश कमी होत आहेत, आणि पालक शाळा पाहायला आले की आधी पडदा कुठे आहे असे विचारतात. स्मार्ट क्लास वाईट नाही. पहिला आहे, तो चांगला चालतो, आणि नॅनोनलिकेचे चित्र त्याच्याइतके चांगले आमचा खडू काढू शकणार नाही. पण वर सांगितलेली बनवण्याची रीत पुन्हा एकदा पाहा. घनाची सरळ वाफ होणे, उत्प्रेरक, निष्क्रिय वायू, संपृक्त द्रावणातून पदार्थ बाहेर पडणे, आम्लाने धातू विरघळवणे. ह्यातले बहुतेक सगळे शालेय अभ्यासक्रमात आहे. कापराची वाफ थंड काचेवर परत बसताना, पाकातून स्फटिक धरताना, लोखंडाच्या किसावर आम्ल टाकल्यावर बुडबुडे येताना, हे सर्व नवव्या इयत्तेतला मुलगा स्वतः करू शकतो. जगातले अतिशय नवे मानले गेलेले तंत्र ह्याच पाच-सहा जुन्या गोष्टींवर उभे आहे. त्या ज्याने हाताने केल्या नाहीत त्याच्यासाठी नॅनोनलिका हे निळ्या दिव्यांचे मॉडेलच राहणार. ते मॉडेल दुकानात मिळते, आणि आम्ही त्याला पहिले बक्षीस देतो.

काही पालक म्हणतील, प्रयोगात धोका असतो. असतो. म्हणूनच तो शाळेत, शिक्षकांसमोर, नीट व्यवस्थेत शिकवायचा. स्वतः नॅनोनलिका बनवणे हे शाळेचे काम नाही, आणि घरी तर मुळीच नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. काही लांब, ताठ नळ्या शरीरात गेल्यास ॲस्बेस्टॉससारखा अपाय करू शकतात, असे २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसले, आणि २०१४ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा एका प्रकाराला कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले. चमत्काराच्या फलकावर ही ओळ नव्हती. खरे विज्ञान शिकणाऱ्याला उपयोग आणि अपाय दोन्ही सांगावे लागतात.

उपयोगही खरे तेवढेच सांगू. एके काळी ह्या नळ्यांच्या दोराने अंतराळापर्यंत शिडी बांधण्याच्या गोष्टी होत. ती शिडी काही झाली नाही. आज त्या मुख्यतः बॅटऱ्यांच्या विद्युतअग्रांत वीज नीट वाहावी म्हणून आणि प्लास्टिकला बळकटी देण्यासाठी मिसळल्या जातात. आपल्याला जवळचे वाटावे असे एक काम काशी हिंदू विश्वविद्यालयात झाले. २००४ मध्ये तिथल्या संशोधकांनी अजयन ह्यांच्यासह बेंझीन आणि फेरोसीनच्या फवाऱ्यापासून नॅनोनलिकांचा पोकळ दंडगोल बनवला. त्यातून पाणी गाळले असता जीवाणूच काय, पोलिओचा विषाणूही अडला, आणि गाळणी स्वच्छ करून पुन्हा वापरता आली. तो प्रयोगशाळेतला नमुना होता, घरोघरी पोचला नाही. पण क्षिप्रेच्या काठी राहणाऱ्या मुलांनी अशा गाळणीचा विचार करायचा नाही तर कुणी करायचा?

उज्जैनला निरखून पाहण्याची परंपरा नवी नाही. सवाई जयसिंहांची वेधशाळा मोडकळीला आली होती, ती माधवराव शिंदे महाराजांच्या काळात, १९२३ मध्ये दुरुस्त झाली. आपल्याच समाजातले विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना भोपाळजवळचे खडक पाहून थबकले आणि तिथे गेले. भीमबेटकाची चित्रे अशी जगासमोर आली. त्या गाडीतून ते खडक हजारोंनी पाहिले असतील. इजिमांच्या कांडीवरचा थरही कुणी तरी खरवडून फेकलाच असेल. आमच्या आठवीतल्या मुलीने आरतीच्या ताटावरची काजळी पुसण्याआधी थांबून पाहिली. ही एकाच जातीची माणसे आहेत, आणि अशा माणसाला शाळेने ‘कोर्समध्ये नाही’ म्हणावे, ह्याची आम्हाला लाज वाटते.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रयोगशाळेची खोली राहावी. एका स्मार्ट बोर्डाच्या किमतीत गॅसची जोडणी, नवी काचसामग्री, धूर बाहेर काढणारा पंखा आणि अग्निशामक नळकांडी होतात, असा हिशेब विज्ञान शिक्षकांनी काढून दिला आहे. तो कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मांडू. ह्या वर्षापासून प्रदर्शनात बाजारातले तयार मॉडेल स्वीकारले जाणार नाही. परीक्षकांचा पहिला प्रश्न ‘हे कसे बनते?’ हा राहील, आणि त्याला निम्मे गुण असतील. अकरावी-बारावीच्या ज्या प्रयोगवहीतला प्रयोग झालेला नाही तिच्यावर आम्ही सही करणार नाही, मग निकालाचा आकडा काहीही होवो. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आपल्यापासून दीड तासाच्या अंतरावर आहे. विज्ञान दिवसाच्या निमित्ताने तेथे विद्यार्थ्यांना नेण्याचा प्रयत्न करू. लेसर पडद्यावर पाहण्यापेक्षा तिथे पाहिलेला बरा.

पालकांना एक विनंती. घरात मुलाने वाटी काळी केली, तर लगेच रागावू नका. आधी विचारा, काय पाहिलेस? उत्तर आले तर वाटी घासून घ्यायला सांगा. उत्तर आले नाही, तरीही वाटी त्यानेच घासायची आहे.

ज्या मुलाला पहिले बक्षीस मिळाले, त्याचे ते काढून घेतलेले नाही. नियम आम्ही नंतर केला, तो त्याला लावणे अन्याय होईल. तो जानेवारीत आमच्याकडे आला होता. बनवण्याच्या तिन्ही रीती त्याने फळ्यावर काढून दाखवल्या. धातूच्या कणाचे काम त्याला आमच्यापेक्षा चांगले समजले आहे असे वाटते. आणि आठवीतल्या मुलीने पाचवी वाटी सुरू केली आहे. ह्या वेळी मोहरीचे तेल आहे.

मतभेद असल्यास अवश्य कळवावे. पुढच्या अंकात त्यांना जागा देऊ.

आपला,
प्राचार्य